प्रयोगशाळेतला बीकर स्वयंपाकघरात वापरता येतो का?

बीकरमधून चहा-कॉफी पितानाचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. पण हे सुरक्षित आहे का? थोडक्यात उत्तर : नवा कोरा बीकर चालेल, प्रयोगात वापरलेला कधीच नाही.

काच मजबूत का असते?
चांगले बीकर बोरोसिलिकेट काचेचे असतात. ही काच १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ऑटो शॉट यांनी तयार केली. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून सहजासहजी तडकत नाही. याच गुणामुळे १९१५ मध्ये अमेरिकेत 'पायरेक्स'ची भांडी घरात आली. आपला थर्मासही मूळचा प्रयोगशाळेतलाच. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर यांनी अतिथंड द्रव साठवण्यासाठी तो बनवला होता.

मग जुना बीकर का नको?
त्यात आधी शिसे, पारा किंवा क्रोमियमची संयुगे असू शकतात. काचेवरच्या बारीक चरांमध्ये त्यांचे अंश राहतात. बीकर धुतल्यावर लख्ख दिसला, तरी त्यात पूर्वी काय होते हे डोळ्यांना कळत नाही.

हे लक्षात ठेवा
• भंगारातून किंवा कॉलेजमधून आणलेली उपकरणे खाण्यापिण्यासाठी वापरू नका.
• तडा गेलेला बीकर तापवू नका आणि गरम बीकर ओल्या ओट्यावर ठेवू नका.
• बीकरवरच्या मापखुणा अंदाजे असतात. अचूक मापासाठी मोजपात्र घ्या.
• पाऱ्याचा थर्मामीटर पदार्थात बुडवू नका. तो फुटला तर पाऱ्याची वाफ विषारी असते.