स्वभावचित्र रेखाटा

'स्वभावचित्र रेखाटा' हा मराठीच्या प्रश्नपत्रिकेतला बहुधा सर्वांत चिवट प्रश्न असावा. अभ्यासक्रम बदलले, विद्यापीठे बदलली, नेमलेली कादंबरी बदलली, तरी हा प्रश्न राहिला. त्याच्या उत्तराचा साचाही ठरलेला असतो: आधी लेखक आणि कादंबरी यांचा चार ओळींचा परिचय, मग एका परिच्छेदाला एक याप्रमाणे पात्राचे गुण, प्रत्येक गुणाखाली एक प्रसंग आणि शेवटी समारोप. गुणाचे नाव पेन्सिलीने अधोरेखित करायचे, म्हणजे तपासणाऱ्याची नजर तिथे थांबते. 'प्रेमळ', 'कर्तव्यदक्ष', 'स्वाभिमानी' ही विशेषणे अशा उत्तरांत इतकी झिजली आहेत, की पात्राचे नाव झाकले तर उत्तर कोणत्या कादंबरीवरचे आहे हे ओळखणे अवघड जाते.

हा साचा मराठीत जन्मलेला नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. सुरुवातीला देशी भाषांना थोडीफार जागा होती. पण काही वर्षांतच ती संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांकडे गेली. मराठीला पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला वाट मिळाली. मधल्या काळात विद्यार्थी शिकत होते ते शेक्सपिअर. हॅम्लेट असा का वागतो, मॅकबेथच्या पडझडीचे मूळ कशात आहे, अशा प्रश्नांवर पिढ्या घडल्या. १९०४ मध्ये ए. सी. ब्रॅडली यांचा शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरील ग्रंथ आला आणि पात्राला हाडामांसाचा माणूस समजून त्याचा स्वभाव उलगडण्याची पद्धत अध्यापकांच्या अंगवळणी पडली. मराठीच्या पेपराने ती उसनी घेतली, यात नवल नाही.

तोवर मराठी कादंबरीचे वय पन्नाशीच्या आसपास आले होते. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, म्हणजे विद्यापीठाच्याच वयाचे. परीक्षेला पेलेल अशी पात्रे मात्र खऱ्या अर्थाने हरि नारायण आपटे यांनी दिली. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' या पत्रातून क्रमशः आली. यमूने स्वतः सांगितलेली ही तिची कहाणी. यमू, दादा, दुर्गी, रघुनाथराव, शंकरमामंजी ही माणसे स्वभावचित्रासाठी जणू तयारच होती. सोशिक कोण आणि ढोंगी कोण हे शोधायला विद्यार्थ्याला फार खणावे लागत नसे. पात्रापाठोपाठ येणारा 'कादंबरीतून दिसणारे समाजचित्र' हा दुसरा हमखास प्रश्न बालविवाह, केशवपन आणि सासुरवास या तीन शब्दांवर उभा राही.

साच्याला शास्त्राचा आधारही मिळाला. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये 'कादंबरी' हा निबंध लिहिला. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या पुस्तकाने कथानक, पात्रे, वातावरण यांची विभागणी मराठी वाचकांच्या ओळखीची केली. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे दोन प्रकार सांगितले होते: एका रेषेत सांगता येणारी आणि अनेक पैलू असणारी. तेही वर्गात पोहोचले. पुढे कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथाने कादंबरीचा सलग इतिहास हाती दिला. एवढे सगळे ग्रंथ परीक्षार्थीच्या टेबलावर नसत. गाईडमधून आणि वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांतून त्यांचा अर्क तेवढा झिरपत येई.

सोलापूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या होटगीसारख्या गावात हा प्रश्न वेगळ्या वाटेने पोहोचला. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे आणि या पट्ट्यात घरात कन्नड व शाळेत मराठी ही रोजची गोष्ट आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरील महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोटबरोबर दक्षिण सोलापूरचाही भाग कर्नाटकाकडे जावा असे सुचवले होते. महाराष्ट्राने तो अहवाल मान्य केला नाही.

बी.ए. करायचे तर सोलापूर गाठणे आले. तिथे १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाले. दयानंद महाविद्यालय जागचे हलले नाही, पण त्याने चार विद्यापीठे पाहिली: मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ पासून सोलापूर. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावरचे नाव तेवढे बदलत गेले.

या मुलुखाला सर्वांत जवळची कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५). माणदेशातल्या धनगरवस्तीवर एक तरुण शिक्षक शाळा चालवायला येतो, वस्ती त्याला हळूहळू आपलासा करते, तालीम उभी राहते आणि दुष्काळ पडला की वस्ती पांगते. माणदेश सोलापूर जिल्ह्याच्या सांगोल्यापर्यंत पसरलेला. त्यामुळे काळी घोंगडी, मेंढरे आणि आटलेल्या विहिरी इथल्या विद्यार्थ्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत. अडते ते भाषेपाशी. कन्नड घरातल्या मुलाला पुस्तकी मराठी शाळेने शिकवलेली असते, धनगराच्या तोंडची मराठी नव्हे. तिच्यासाठी त्याला शब्दकोशापेक्षा बाजारात येणारा मेंढपाळ उपयोगी.

'बनगरवाडी' स्वभावचित्राच्या साच्यालाही नीट बसत नाही. म्हातारा कारभारी करारी आहे हे लिहिता येते. पण त्याची मुलगी अंजी मास्तरकडे चोळी शिवून आणायला सांगते, तेव्हा त्याच करारीपणाला संशयाची धार येते. वाडीतल्या शेकूपाशी बैलांची पुरी जोडी नसते, तेव्हा त्याची बायको स्वतः औताला खांदा लावते. तिच्या नावापुढे 'कष्टाळू' लिहून मोकळे होता येते, आणि बहुतेक उत्तरपत्रिका तसेच करतात. आनंदा रामोशी चोर आहे, पण त्याला वाईट म्हणायला पुस्तक कुठेच मदत करत नाही. म्हणूनच 'बनगरवाडीचा नायक कोण?' हा प्रश्न आला. शिक्षक, कारभारी की वाडी? अपेक्षित उत्तर 'वाडीच' हे लवकरच ठरून गेले, आणि एका चांगल्या प्रश्नाचे घोटून पाठ करायचे उत्तर झाले. 'प्रादेशिक कादंबरी' या टिपेचेही तेच झाले.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने (१९६३) अडचण आणखी वाढवली. पांडुरंग सांगवीकर पुण्याचे कॉलेज सोडून खानदेशातल्या आपल्या गावी परततो. त्याचे गुण कोणते आणि दोष कोणते, हे दोन रकान्यांत मांडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही रकान्यांत तेच शब्द लिहावे लागतात.

शालेय पातळीवर चित्र निराळे. राज्य मंडळ १९६६ मध्ये आणि बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली. पाठ्यपुस्तकात अखंड कादंबरी नव्हे, तर तिचा उतारा येतो. त्यामुळे होटगीच्या मुलाला कादंबरी प्रथम भेटते ती चार-पाच पानांच्या तुकड्यात, खाली शब्दार्थ आणि स्वाध्याय घेऊन. पूर्ण पुस्तक पहिल्यांदा हातात पडते ते पदवीच्या वर्गात.

सत्र पद्धती आल्यावर अनेक विद्यापीठांत दीर्घोत्तरी प्रश्नांबरोबर बहुपर्यायी प्रश्नही आले. 'बनगरवाडी'तल्या मास्तरच्या सोबतीला राहणाऱ्या माणसाचे नाव काय? चार पर्यायांपैकी एक आयबू. बरोबर खूण केली की गुण पदरात. तोच आयबू दुसऱ्या प्रश्नात 'टिपा लिहा'खाली येतो, आणि तिथे पुन्हा 'प्रेमळ' अधोरेखित होते.