सेंट राडेगुंडची शेतकरीण

हुतात्म्यांचीं चरित्रें आपण मोठ्या आदरानें वाचतों. पण हुतात्मा निघून गेल्यावर त्याच्या गोठ्यांतील गायींचें दूध कोणीं काढलें, हें चरित्रकार सहसा सांगत नाहींत. आज आम्हांला सांगावयाची आहे ती अशा मागें राहिलेल्या एका बाईची हकीकत.

ऑस्ट्रियांत, बव्हेरियाच्या सरहद्दीजवळ, सेंट राडेगुंड नांवाचें एक लहानसें खेडें आहे. हिटलरचें जन्मगांव ब्राउनाउ याच जिल्ह्यांत मोडतें. येथील शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याच्याशीं फ्रान्झिस्का श्वानिंगर हिचें लग्न ९ एप्रिल १९३६ रोजीं, पवित्र गुरुवारीं, झालें. ती होखबुर्ग गांवची, १९१३ सालीं जन्मलेली. घराणें भाविक कॅथलिक. नवऱ्याची पूर्वकीर्ति मात्र कांहींशी उनाड होती. गांवांत पहिली मोटारसायकल आणणारा तोच. शिवाय लग्नापूर्वीं त्याला एक मुलगीहि झालेली होती. हें सर्व ठाऊक असून फ्रान्झिस्कानें त्याला वरिलें, आणि त्या मुलीला आपल्या घरीं वाढविण्याचीहि तयारी दाखविली. लग्नानंतर रोमची यात्रा करावी ही कल्पना तिचीच.

पुढें गांवकरी म्हणूं लागले कीं, बायकोनेंच त्याला देवाच्या नादीं लावून बिघडविला. सासूनेंहि आरंभीं तिलाच बोल लावला. आमच्या मतें हें अर्धेंच खरें आहे. दोघें मिळून बायबल वाचीत, प्रार्थना करीत. त्या वाटेवर कोण पुढें आणि कोण मागें हें त्यांचें त्यांनाहि सांगतां आलें नसतें. एवढें खरें कीं, १० एप्रिल १९३८ रोजीं ऑस्ट्रियाच्या जर्मनींतील विलीनीकरणावर मतें घेतलीं गेलीं, तेव्हां त्या गांवांत विरुद्ध मत देणारा फ्रान्झ एकटाच निघाला.

१९४० व ४१ सालीं कांहीं महिने त्याला लष्करी शिक्षण घ्यावें लागलें. तेथून परतल्यावर त्याचा निश्चय झाला कीं, पुन्हां बोलावणें आलें तर हिटलरच्या युद्धांत शस्त्र धरावयाचें नाहीं. अशा नकाराला शिक्षा एकच होती. घरीं तीन लहान मुली, धाकटी तर १९४० सालीं जन्मलेली. फ्रान्झिस्कानें प्रथम नवऱ्याला विनविलें, मन वळविण्याचा प्रयत्न केला. यांत तिच्या श्रद्धेला उणेपणा आला असें आम्हांला मुळींच वाटत नाहीं. तीन लेकरांच्या आईनें याहून निराळें काय करावें? पण हळूहळू तिच्या ध्यानांत आलें कीं, आप्त, शेजारी, धर्मगुरु सर्वच त्याला हेंच सांगत आहेत. तो लिंट्झच्या बिशपांना भेटावयास गेला तेव्हां तीहि बरोबर होती व बाहेर थांबली होती. बिशपांनींहि संसाराचा विचार करावा असाच उपदेश केला. खोलींतून बाहेर आला तेव्हां तो अत्यंत खिन्न होता. त्यानंतर तिनें वाद घालणें सोडलें. आपणहि त्याची बाजू सोडली असती तर त्याला कोणीच उरलें नसतें, असें तिनें उतारवयांत सांगितलें आहे. हा निर्णय तिचा नव्हता. पण त्याचीं फळें तिलाच भोगावयाचीं होतीं, आणि तें ती जाणून होती.

१ मार्च १९४३ रोजीं फ्रान्झ एन्स येथील छावणींत हजर झाला व त्यानें नकार दिला. प्रथम लिंट्झ, मग बर्लिन असा तुरुंगवास घडला. त्या काळांतील नवराबायकोच्या पत्रांत देवाचें नांव जितक्यांदा येतें तितकेंच शेतीच्या कामाचेंहि येतें. मुलींचें एक छायाचित्र तिनें त्याला धाडलें. बाबांनीं लवकर परत यावें अशी पाटी त्यांच्यापुढें धरलेली होती. ६ जुलै रोजीं देहान्ताची शिक्षा झाली. त्यानंतर ती गांवच्या धर्मगुरूला घेऊन बर्लिनला गेली. भेट अवघी वीस मिनिटांची; त्यांतहि धर्मगुरु त्याचें मन वळवूं पाहात होते. ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्ग येथें त्याचा शिरच्छेद झाला.

खरी कसोटी येथून पुढें लागली. ज्या घरांतील मुलगे रणांगणावर पडले त्या घरांना फ्रान्झचा नकार म्हणजे आपल्या मुलांचा अपमान वाटे, आणि त्या लोकांचा दोषहि आम्हांला फारसा दिसत नाहीं. पण त्यांचा राग बोलून दाखवावयाला समोर होती ती त्याची विधवा. युद्ध संपल्यावरहि, हा कांहीं ऑस्ट्रियासाठीं लढला नाहीं, या सबबीवर तिला विधवावेतन नाकारण्यांत आलें. तें मिळण्यास १९५० साल उजाडावें लागलें. तोंवर आणि त्यानंतरहि शेत, गुरें, सासू आणि तीन मुली हें सर्व तिनेंच सांभाळिलें. १९४६ सालीं नवऱ्याची रक्षा गांवीं आली व चर्चच्या भिंतीलगत पुरण्यांत आली. त्या चर्चची झाडलोट, वेदीवरील वस्त्रें, मेणबत्त्या हें काम तिनें पुष्कळ वर्षें केलें. तेथें प्रार्थनेला येणारे लोक तेच होते. गांव सोडून जाण्याचा विचार तिनें केला नाहीं.

जगाला या घराची ओळख १९६४ सालीं पटली, ती गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळें. १९९७ सालीं बर्लिनच्या न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. २६ ऑक्टोबर २००७ रोजीं लिंट्झच्या महामंदिरांत फ्रान्झला ‘धन्य’ ही पदवी देण्यांत आली, तेव्हां चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का मुलींसह तेथें उपस्थित होती. शंभरावा वाढदिवस होऊन बारा दिवस झाले असतां, १६ मार्च २०१३ रोजीं ती वारली.