आधी गाडी आखूड झाली

1974 चा फेब्रुवारी. डेट्रॉइटमधल्या पेट्रोल पंपापुढच्या रांगेत तुमची शेवरले उभी आहे. साडेअठरा फूट लांब, आणि पेट्रोल पिणारी. अरब देशांनी ऑक्टोबरात अमेरिकेचं तेल बंद केलं; पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. रांग हलत नाही. थंडीत हात गोठतात, तरी तुम्ही इंजिन बंद ठेवता.

आता 1976 चा पानगळीचा मोसम. शोरूममध्ये शेवरलेची नवी कॅप्रिस आली आहे. तिच्याभोवती एक फेरी मारा. लांबी सुमारे दहा इंचांनी कमी, वजन जवळपास 300 किलोंनी उतरलेलं. पण आत बसून बघा: डोक्यावर जागा जास्त, मागच्या सीटवर पाय पसरता येतात, डिकीही मोठी. विक्रेता अभिमानाने म्हणतो, ‘डाउनसायझिंग!’ त्याचा अभिमान खरा आहे. फालतू पत्रा काढायचा, माणसाची जागा राखायची, हे चांगल्या इंजिनिअरिंगचं काम होतं आणि या शब्दाचा जन्मही त्यातलाच.

1980 च्या दशकात कंपन्यांनी तो शब्द गाड्यांवरून उचलून माणसांना लावला.

24 फेब्रुवारी 1992. डेट्रॉइटजवळच्या यप्सिलँटीत, विलो रन कारखान्यात तुम्ही पाळीवर आहात. समोर पट्ट्यावरून कॅप्रिसच सरकते आहे. डिसेंबरातच जनरल मोटर्सने 21 कारखाने बंद करण्याची आणि 74,000 नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली होती. आज कळतं, त्यांत तुमचा कारखाना आहे. कॅप्रिस यापुढे टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला बनेल. शेजारचा माणूस हातमोजे काढतो आणि तसाच उभा राहतो. घराचे हप्ते, मुलांची शाळा, सगळं या पट्ट्यावर चालत होतं.

गाव गप्प बसलं नाही. करसवलती घेताना कंपनीने काम इथेच राहील असा शब्द दिला होता, असं म्हणत टाउनशिप कोर्टात गेली. फेब्रुवारी 1993 मध्ये जिंकली, ऑगस्टमध्ये वरच्या कोर्टात हरली. कारखाना बंद झाला.

गाडीच्या डाउनसायझिंगमध्ये आतल्या माणसाची जागा वाढली होती. विलो रनमध्ये माणसालाच जागा उरली नाही. दोन्हींना एकच शब्द लावणं मला अन्याय वाटतो. तुमच्या कंपनीच्या पत्रात तो आला, तर सरळ विचारा: किती माणसं घरी जाणार, आणि कोणत्या तारखेपासून?