बर्फावरची चाके

मोटार कितीही मोठी असो, तिचे प्रत्येक चाक रस्त्याला जेथे प्रत्यक्ष टेकते ती जागा माणसाच्या तळहाताहून फारशी मोठी नसते. अशा चार तळहातांएवढ्या रबराच्या आधारावर हजार-बाराशे किलो वजनाचे वाहन धावते, वळते आणि थांबते. उन्हाळ्यात ह्या गोष्टीचा कोणी विचारही करीत नाही. परंतु रस्त्यावर बर्फाचा पातळसा थर धरला की त्या एवढ्याशा जागेत कोणते रबर आहे ह्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहतात. थंड देशांतील मोटारमालकापुढे म्हणूनच दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न उभा राहतो : नेहमीचे टायर उतरवून हिवाळी टायर चढवावेत, की आहे त्यावरच निभावून न्यावे? प्रश्न दिसायला अगदी घरगुती आहे. चार टायरांचा खर्च, ते बदलण्याची दगदग आणि उरलेले चार ठेवायला जागा, एवढाच त्याचा व्याप वाटतो. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा प्रश्न घरात राहिला नाही. तो नगरपालिकांच्या सभागृहांत गेला, न्यायालयांत गेला आणि अखेर कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

ह्या प्रश्नाचे मूळ रबराच्या स्वभावात आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत लाकडासारखे कडक होई. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे जोडे आणि अंगरखे काढणारे कारखाने तोट्यात गेले. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर ह्याला गंधक आणि उष्णता ह्यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप ह्याने हवा भरलेले टायर सिद्ध केले आणि रबराला रस्त्यावर कायमचे स्थान मिळाले. तथापि गंधकाने रबराचा मूळ स्वभाव बदलला नाही. त्याला थोडी शिस्त लावली, इतकेच. उष्ण रस्त्यांसाठी घडवलेले रबर थंडी वाढू लागली की आपली लवचीकता गमावू लागते आणि रस्त्याच्या बारीकसारीक उंचवट्यांना बिलगेनासे होते. तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हिवाळी टायर वापरावेत, असा संकेत आता रूढ आहे. ही काही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. पण हिवाळी टायरचा उपयोग केवळ बर्फ पडल्यावरच होतो हा समज दूर करण्यास ती पुरेशी आहे. त्यातही बर्फाची एक खोडी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कडाक्याच्या थंडीतील कोरड्या बर्फापेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ अधिक निसरडा असतो. कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि चाक त्याच्यावरून घसरते.

ह्या अडचणीवर पहिला उपाय निघाला तो रबराबाहेरचा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील चालक चिखलातून आणि बर्फातून वाट काढताना चाकांभोवती दोर गुंडाळीत. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड ह्याने दोरांच्या जागी लोखंडी साखळ्या योजल्या आणि १९०४ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. डोंगरांतील दाट बर्फात आजही साखळीइतका खात्रीचा सोबती नाही. परंतु साखळी घातलेली गाडी सावकाश चालवावी लागते, उघड्या रस्त्यावर ती खडखडते, आणि बर्फ संपला की गारठलेल्या बोटांनी ती पुन्हा उतरवावी लागते. ती एखादा घाट पार करण्यापुरती ठीक. पाच महिन्यांच्या हिवाळ्यात रोज वापरण्याची ती वस्तू नव्हे.

रोजच्या वापराचा उपाय फिनलंडने शोधला. तेथील एक रबराचा कारखाना १९०४ मध्ये नोकिया नावाच्या गावी आला होता. ज्या गावाचे नाव पुढे भ्रमणध्वनीच्या रूपाने भारतात घरोघरी पोहोचले, तेच हे गाव. ह्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार केले. नेहमीच्या टायरवरील खाचा चाकाच्या फिरण्याच्या दिशेने जात. ह्या टायरवर त्या जाड आणि आडव्या होत्या, त्यामुळे भुसभुशीत बर्फात चाकाला टेकू मिळे. १९३६ मध्ये लहान मोटारींसाठी असेच टायर निघाले आणि त्यांना ‘हाक्कापेलिट्टा’ हे नाव मिळाले. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या सैन्यातून लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे हे नाव. घोडदळाचे नाव टायरला द्यावे, ह्यावरून त्या देशाने हिवाळ्याला शत्रू म्हणून किती गंभीरपणे घेतले होते हे कळते.

दाट बर्फाचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. पण गोठलेल्या, काचेसारख्या रस्त्यापुढे आडव्या खाचाही हतबल होत. १९६० नंतरच्या दशकात टायरच्या रबरात कठीण धातूचे बारीक खिळे बसवण्याची पद्धत युरोपात आणि जपानात पसरली. खिळा बर्फात रुततो आणि चाक घसरत नाही, हे तत्त्व इतके सरळ होते की त्यात कोणाला खोट दिसली नाही. परंतु रस्त्यावर बर्फ नसला म्हणजे हा खिळा कशात रुततो, हा प्रश्न त्या उत्साहात मागे राहिला. त्याचे उत्तर जपानमधील सेन्दाई शहराने फार मोठी किंमत देऊन मिळवले.

सेन्दाई हे जपानच्या ईशान्य भागातील मियागी प्रांताचे मुख्य नगर. त्याच्या वृक्षराजीमुळे त्याला ‘वनांचे नगर’ असे कौतुकाने म्हणतात. सह्याद्री जसा मोसमी पाऊस कोकणात उतरवून घेतो आणि पूर्वेकडे कोरडे वारे पाठवतो, तसेच तेथे हिमाच्या बाबतीत घडते. पश्चिमेच्या समुद्रावरून येणारे हिम मधल्या पर्वतरांगा अडवतात आणि पूर्वेच्या सेन्दाईत थंडी भरपूर असली तरी बर्फ बेताचाच पडतो. पहाटे रस्ते गोठलेले आणि दुपारी कोरडे, असा तेथील हिवाळ्याचा क्रम. चालक मात्र सकाळच्या भयाने हिवाळाभर खिळ्यांचेच टायर ठेवीत. परिणाम असा झाला की हजारो मोटारींचे खिळे दिवसच्या दिवस उघडे डांबर खरवडू लागले. रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या, पांढरे पट्टे पुसले गेले आणि डांबराची व दगडाची बारीक पूड हवेत उडू लागली. १९८० नंतरच्या वर्षांत ही धूळ एवढी वाढली की वनांच्या नगराला लोक ‘सेन्दाईचे वाळवंट’ म्हणू लागले.

येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. खिळ्यांचे टायर बसवणारा माणूस बेफिकीर नव्हता. उलट तो काळजी घेणाराच होता. आपण घसरू नये, आपल्यामुळे कोणी चिरडले जाऊ नये, हीच त्याची इच्छा. परंतु त्याच्या ह्या सावधपणाचा खर्च पदपथावरून शाळेत जाणारे मूल आणि रस्त्याकाठी राहणारा दमेकरी आपल्या फुप्फुसांनी भरीत होता. एकाची सुरक्षितता दुसऱ्याच्या आरोग्यावर उभी राहत असेल तर राज्यकर्त्याने कोणाची बाजू घ्यावी? दोन्ही पारड्यांत माणसांचे प्राणच होते. धूळ थांबवावी तर अपघात वाढण्याचे भय. अपघात टाळावेत तर धूळ सोसायची.

मियागी प्रांताने १९८५ मध्ये खिळ्यांच्या टायरांना आळा घालणारा स्थानिक नियम केला. जपानमध्ये असा नियम पहिल्यांदाच होत होता. १९८७ मध्ये नागानो प्रांतातील काही वकिलांनी टायर उत्पादकांविरुद्ध प्रदूषणाच्या तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्या राष्ट्रीय समितीकडे अर्ज केला आणि १९८८ मध्ये तडजोड झाली. देशातील सात उत्पादकांनी १९९० च्या अखेरीस खिळ्यांच्या टायरांचे उत्पादन आणि १९९१ च्या मार्चअखेर त्यांची विक्री बंद करण्याचे मान्य केले. मग १९९० मध्ये राष्ट्रीय कायदा झाला. ठरवून दिलेल्या प्रदेशांत, जेथे बर्फ नाही अशा डांबरी रस्त्यावर खिळ्यांचे टायर वापरण्यास त्याने मनाई केली. मात्र शिक्षेचे कलम १९९२ च्या एप्रिलपासून लागू केले, म्हणजे लोकांना टायर बदलण्यास अवधी मिळाला. रुग्णवाहिका, अग्निशामक गाड्या आणि अपंगांची वाहने ह्यांना सूट देण्यात आली. हुकूम काढणे सोपे असते. तो पाळता येईल अशा बेताने काढण्यास विवेक लागतो, आणि तो ह्या कायद्यात दिसतो.

हे शक्य झाले ह्याचे आणखी एक कारण म्हणजे त्याच सुमारास खिळ्यांवाचून बर्फ धरणारे टायर सुधारत होते. ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ मध्ये आणलेल्या टायरच्या रबरात असंख्य सूक्ष्म पोकळ्या होत्या. बर्फावरचा पाण्याचा पापुद्रा ह्या पोकळ्या टिपून घेत आणि थंडीतही मऊ राहणारे रबर खालच्या बर्फाला भिडे. टायरच्या नक्षीवर पाडलेल्या केसासारख्या बारीक चिरा ह्या कामी साहाय्य करीत.

तरीही ही कथा निर्भेळ यशाची नाही. उत्तरेच्या साप्पोरो शहरात, जेथे एका हिवाळ्यात साचत जाणारे हिम मोजले तर काही मीटर भरते, तेथे नवीच अडचण उद्भवली. खिळे बर्फाचा पृष्ठभाग ओरबाडून खडबडीत ठेवीत. बिनखिळ्यांची चाके तोच पृष्ठभाग घासून आरशासारखा गुळगुळीत करू लागली. चौकांत गाड्या घसरू लागल्या आणि पादचारी पडून जायबंदी होऊ लागले. तेथे पूर्वीचे टायर परत आले नाहीत. नगरपालिकेने बर्फ वितळवणारी द्रव्ये आणि खडीची भुकटी पसरण्याचे काम वाढवले आणि चौकाचौकांत भुकटीच्या पेट्या ठेवल्या. येणारा-जाणारा माणूस त्या पेटीतून मूठभर भुकटी घेऊन स्वतःच्या आणि मागून येणाऱ्याच्या पायांखाली टाकतो.

इतर देशांनी आपापल्या हवामानाप्रमाणे उत्तरे दिली. जर्मनीने खिळ्यांचे टायर १९७५ मध्येच बंद केले. फिनलंड आणि स्वीडन ह्यांनी ते ठेवले, पण खिळ्यांवर मर्यादा घातल्या. स्टॉकहोममध्ये तर २०१० पासून हॉर्न्सगाटान ह्या रस्त्यावर अशा गाड्यांना प्रवेश नाही. हिवाळी टायर सक्तीचे असावेत काय, ह्या प्रश्नावर स्वीडनने १९९९ मध्ये आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००८ मध्ये होकार दिला. ब्रिटनने मात्र निर्णय मालकावर सोपवला. जर्मनीचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. वाहनाची साधने हवामानाला ‘अनुरूप’ असावीत, एवढेच तेथील २००६ चा नियम सांगत होता. २०१० मध्ये ओल्डेनबुर्ग येथील उच्च न्यायालयाने हा नियम इतका संदिग्ध आहे की त्याच्या आधारे दंड करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी डिसेंबरात नियम नव्याने लिहिला गेला आणि त्यात गोठलेला रस्ता, दबलेला बर्फ, बर्फाचा चिखल आणि दहिवर ह्या स्थिती नाव घेऊन सांगण्यात आल्या. नागरिकाकडून काय हवे ते स्पष्ट शब्दांत सांगणे, हे शासनाचे पहिले कर्तव्य ठरले.

भारतात हा प्रश्न हिमालयापुरताच आहे, पण तेथे तो खरा आहे. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाल्यापासून उंच खिंडींतील रस्ते वाढत गेले, आणि ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यावर मनालीहून लाहौलकडे हिवाळ्यातही मोटारी जाऊ लागल्या. त्यांत महाराष्ट्रातून सहलीला गेलेल्या कुटुंबांच्या गाड्या थोड्या नसतात. त्या गाड्यांचे टायर सोलापूरच्या उन्हाला आणि कोकणच्या पावसाला पुरे पडतात. सोलंगच्या उतारावर त्यांची मात्रा चालत नाही. तंगमर्गहून गुलमर्गला चढणाऱ्या रस्त्यावर बर्फ पडला की साखळ्यांवाचून गाड्या वर सोडीत नाहीत. काही प्रवाशांना तो विनाकारण जाच वाटतो. परंतु अरुंद चढावर एक गाडी आडवी झाली की तिच्यामागे सगळी वाहतूक अडते, आणि त्या रांगेत एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी गाडीही असू शकते.

हिवाळी टायर बसवावेत की नाहीत, ह्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. ज्याच्या गावी पारा क्वचितच उतरतो त्याने ते घेणे हा निव्वळ खर्च. ज्याच्या दारात चार महिने बर्फ असतो त्याने ते न घेणे हा अविचार. आणि जो वर्षातून एकदा घाट चढतो त्याला साखळ्यांची एक जोडी आणि ती घालण्याचा घरी केलेला सराव पुरेसा आहे. मात्र हा हिशेब मांडताना मालकाने केवळ स्वतःचीच गाडी डोळ्यांपुढे ठेवू नये, एवढे सेन्दाईने जगाला शिकवले. १९९० च्या कायद्यानंतर तेथील हिवाळ्यातील धूळ ओसरली आणि शहराला त्याचे जुने नाव पुन्हा शोभू लागले.