करडईचं तेल आणि अजिंठ्याचा डोंगर

सेलूच्या काळ्या रानात रब्बीला करडई फुलते, कुठं कुठं जवसाची निळी फुलं डोलतात. करडईचं तेल फोडणीला आणि जवसाची चटणी भाकरीबरोबर, एवढीच आपली यांच्याशी ओळख. पण मंडळी, जगातली असंख्य तैलचित्रं याच तेलांवर उभी आहेत. रंगाची पूड जवसाच्या तेलात खलली की तैलरंग तयार होतो. पांढऱ्या रंगाला करडईचं तेल बरं, कारण ते जवसाइतकं पिवळं पडत नाही.

ही तेलं पाण्यासारखी उडून जात नाहीत. हवेतला प्राणवायू घेऊन ती सावकाश घट्ट होतात. आपल्याकडच्या उन्हात जलरंगाचा हात फिरतो न फिरतो तोच कागद वाळतो. तैलरंग मात्र बराच वेळ ओला राहतो आणि चित्रकाराला दुरुस्तीची सवड देतो. खोट एवढीच, की वाऱ्याची धूळ त्यावर चिकटून बसते.

पूर्वी हे रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. रंगांची पेटी घेऊन उघड्या माळावर, डोंगरात जाणं त्यामुळं सोपं झालं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४४ मध्ये, मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल अजिंठ्याला नेमला गेला. परभणी काय अन् अजिंठा काय, हा सारा मुलूख तेव्हा निजामाचा. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या तैलनकला करण्यात त्यानं वर्षंच्या वर्षं घालवली. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिलचं काम असं वाया गेलं तरी प्रयत्न थांबला नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पुढं नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. मधे खंड पडला, तरी १८८५ पर्यंत सुमारे ३०० चित्रं झाली. पण त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातलीही पुष्कळ गेली. दैव पाहा, दोन्ही खेपेला आगच!

इकडं भिंतींचंही नुकसान झालं होतं. मूळ चित्रं मातीच्या गिलाव्यावर, डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांची. ती उजळ दिसावीत म्हणून नकला करणाऱ्यांनी त्यांवर व्हार्निश फासलं. कालांतरानं ते पिवळं पडलं, त्याचे पोपडे सुटू लागले आणि खालचा रंगही सोबत निघू लागला. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावून डागडुजी करवली.

आगीतून वाचलेल्या नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरून झडलेला एखादा चेहरा, एखादा हात त्यांत अजून दिसतो. म्हणजे जपणुकीच्या हौसेपायी व्हार्निश फासणारे तेच, आणि गेलेल्या चित्राची साक्ष ठेवणारेही तेच. जुनी वस्तू उजळायला हात घालण्याआधी आपल्या गावच्या देवळातही हे आठवलेलं बरं.