चेहऱ्याच्या धमन्या : कावसजीच्या नाकापासून घाटीच्या विच्छेदनगृहापर्यंत

वरच्या जबड्याला आणि चेहऱ्याला रक्त पोचवण्याचे काम मुख्यतः बाह्य कॅरॉटिड धमनीच्या दोन शाखा करतात. फेशियल धमनी खालच्या जबड्याच्या कडेवरून वर चढते आणि ओठ, गाल, नाकाची बाजू असे करत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे जाते. मॅक्सिलरी धमनी जबड्याच्या सांध्याजवळून खोल शिरते. वरचे दात, हिरड्या, टाळू आणि जबड्याच्या हाडातली पोकळी तिच्या शाखांवर पोसली जाते. आकृतीत या वाटा ठरलेल्या दिसतात, प्रत्यक्षात त्या माणसागणिक बदलतात.

महाराष्ट्रात या रक्तपुरवठ्याचा उपयोग वैद्यकीय महाविद्यालये निघण्याआधीपासून होत होता. शेतकरी कुळातला कावसजी १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बेतायचा, तो कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवायची, भुवयांमधला चिंचोळा देठ मात्र न कापता ती वळवून नाकावर आणायची, अशी ही रीत होती. जोड काताच्या लेपाने चिकटवत. देठ कापला जाई तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचे वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्पू यांनी १८१४ साली लंडनमध्ये ती केली.

हे कातडे जगते ते देठातल्या धमनीमुळे. ही धमनी डोळ्याच्या खोबणीतून कपाळावर येते आणि तिचा उगम आंतर कॅरॉटिडकडे आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी तिच्या भोवतालच्या शाखा फेशियल धमनीच्या टोकाला मिळतात. काहींची फेशियल धमनी ओठाच्या कोपऱ्याशी किंवा नाकपुडीशीच संपते. मग वरचा भाग डोळ्याकडून येणाऱ्या शाखा सांभाळतात. एक वाट आखूड पडली की शेजारची रुंद होते.

मॅक्सिलरी धमनीचा फरक आणखी खोलात आहे. चघळण्याच्या एका स्नायूच्या ती कधी बाहेरून, कधी आतून जाते. बुंतारो अदाची यांनी १९२८ साली जपानी लोकांच्या धमन्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानी शरीरांत ही धमनी बाहेरून जाण्याचे प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आढळते. म्हणजे एका समाजाच्या शरीरांवरून काढलेली आकृती सगळ्यांना लागू होत नाही.

असे फरक कळायला अनेक देहांचे विच्छेदन लागते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये आणि हैदराबादेत वैद्यकीय शाळा १८४६ मध्ये सुरू झाली. निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादला मात्र शंभर वर्षांहून अधिक थांबावे लागले. १९५६ साली, मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले; त्याचे रुग्णालय आजही 'घाटी' म्हणूनच ओळखले जाते. १९८२ मध्ये शासकीय दंत महाविद्यालय आले.

दंतवैद्याला हे फरक रोज भेटतात. वरच्या दाढा बधिर करताना सुई मागच्या शाखेला लागली तर गाल काही मिनिटांत सुजतो. इम्प्लांटसाठी जबड्याच्या पोकळीची भिंत कोरताना हाडातली शाखा फुटली तर रक्त थांबवणे अवघड होते. म्हणून ती आधी सीटी स्कॅनवर शोधतात. वरचा जबडा कापून पुढे-मागे सरकवताना टाळूकडे उतरणारी धमनी जपावी लागते.

कावसजीच्या वेळचे कपाळी कातडे आजही नाकाच्या पुनर्रचनेत वापरले जाते. आता देठातली धमनी आधी डॉपलर यंत्राने ऐकून घेता येते.