घेणाऱ्यांपासून देणाऱ्यांपर्यंत : बंगळुरू आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

भारतातील असंख्य संगणकप्रेमींना लिनक्सची पहिली ओळख झाली ती एका मासिकासोबत आलेल्या सीडीमुळे. १९९६ साली 'पीसी क्वेस्ट'ने हा उपक्रम सुरू केला आणि त्यामागे बंगळुरूचे तंत्रज्ञ अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. इंटरनेट दुर्मीळ आणि महाग असण्याच्या त्या काळात ही सीडी मोलाची ठरली. मात्र तिच्यातील सॉफ्टवेअर जवळजवळ सगळे परदेशात लिहिलेले होते. भारतीय हात ते घेत होते. त्यात भर घालणारे हात मोजकेच होते.

२००१ च्या डिसेंबरात बंगळुरूत 'लिनक्स बंगलोर' ही परिषद भरली. २००५ पासून ती 'फॉस डॉट इन' या नावाने ओळखली जाऊ लागली. नावासोबत तिचा रोखही हळूहळू बदलला. लिनक्स कसे वापरावे, यापेक्षा त्यात योगदान कसे द्यावे, हा प्रश्न पुढे आला. २००७ मध्ये तर निरनिराळ्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवण्यात आले.

योगदानाचा एक खडतर मार्ग म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम डेबियनसारख्या वितरणात समाविष्ट करणे. वितरण म्हणजे हजारो प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवून, तपासून लोकांच्या हाती देणारी व्यवस्था. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियनची स्थापना केली, आणि १९९७ मध्ये या प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे निकष लेखी स्वरूपात स्वीकारले.

त्यामुळे पहिली परीक्षा तंत्राची नसून हक्काची असते. प्रोग्रॅममधील प्रत्येक फाइलचा स्वामी कोण आणि तिचा परवाना कोणता, याची नोंद द्यावी लागते. नोकरदार अभियंत्यांच्या बंगळुरूत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीचा पहिला हक्कदार मालक असतो. म्हणजे जो प्रोग्रॅम अभियंता 'माझा' म्हणतो, तो इतरांना देण्याचा अधिकार त्याच्याकडे असेलच असे नाही.

दुसरी परीक्षा लेखकाच्या अनुपस्थितीची. प्रोग्रॅम त्याच्या संगणकावर चालतो, एवढे पुरेसे नसते. कोऱ्या यंत्रणेवर, केवळ घोषित केलेल्या घटकांच्या आधारे, तो सोर्स कोडपासून बांधता आला पाहिजे. फाइली ठरलेल्या जागीच जाव्यात आणि आज्ञांसोबत माहितीपान असावे, अशी अपेक्षा असते. इतरांच्या लायब्ररीची प्रत प्रोग्रॅमसोबत जोडून देणे टाळावे लागते. कारण त्या लायब्ररीत सुरक्षेचा दोष आढळला, तर वितरणात एकाच ठिकाणी दुरुस्ती करून भागत नाही, विखुरलेली प्रत्येक प्रत शोधावी लागते.

नवख्याचे पॅकेज आधी एखादा अधिकृत डेबियन विकसक पाहतो आणि पुढे नेतो. नव्या पॅकेजचे परवाने वेगळा गट तपासतो. स्वीकार झाल्यावर ते 'अनस्टेबल' शाखेत येते. काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर 'टेस्टिंग'मध्ये सरकते आणि पुढील आवृत्तीसोबत 'स्टेबल'मध्ये पोहोचते. या प्रवासात परत पाठवले जाणे नित्याचे आहे. त्यात अपमान नसतो. अनोळखी माणसाने आपला कोड बारकाईने वाचल्याचा तो पुरावा असतो.

'फॉस डॉट इन'ची शेवटची परिषद २०१२ मध्ये झाली. ३ जून २०१३ रोजी चिटणीस यांचे निधन झाले. त्या परिषदेने विचारलेला प्रश्न मात्र आजच्या विद्यार्थ्यासमोरही तसाच उभा आहे. महाविद्यालयीन प्रकल्पातील बहुतेक कोड गुण मिळताच विसरला जातो. तोच कोड वितरणाच्या कसोटीला लावला, तर परवाना, रचना आणि दस्तऐवज यांचे शिक्षण आपोआप घडते. आणि लेखकाने लक्ष काढून घेतल्यावरही तो सांभाळणे दुसऱ्या कुणाला शक्य होते.